चक्रवाकाची वाट पाहताना



यंदाच्या व्याख्यानासाठी मंडळाने माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा मी एकच शब्द कळवला : बदक. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका सद्गृहस्थांचा फोन आला. "विषय अर्धाच आलाय, पूर्ण लिहून पाठवा." मी म्हटले, "पूर्णच आहे. फार तर चक्रवाक म्हणा." "मग हरकत नाही," ते म्हणाले. बदक म्हटले की आपल्याला गावचे तळे आठवते, चक्रवाक म्हटले की कालिदास आठवतो. पक्षी मात्र एकच आहे. चक्रवाक हे एक बदकच आहे, आणि सर्वणच्या या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव लहानपणापासून ऐकलेले असले, तरी तो पक्षी पाहिलेला असण्याचा संभव फार थोडा. त्याचे कारण काय, आणि तो आपल्याकडे शोधायला गेले तर काय हाती लागते, याविषयी आज बोलायचे आहे.

आधी नावाकडे पाहू. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडात विवाहाची सूक्ते आहेत. त्यांत नवदांपत्याला चक्रवाकाच्या जोडप्यासारखे एकत्र ठेव, अशी इंद्राजवळ प्रार्थना आहे. पुढे संस्कृत काव्यात एक संकेत रुळला : हे जोडपे दिवसा एकत्र असते, रात्र पडली की त्यांची ताटातूट होते आणि नदीच्या दोन काठांवरून ती एकमेकांना साद घालत राहतात. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात गौतमी येत असल्याची सूचना सख्या शकुंतलेला उघड देऊ शकत नाहीत. तेव्हा रात्र झाली, आता सहचराचा निरोप घे, असे चक्रवाकीला सांगितले जाते. प्रेक्षकाला संकेत माहीत होता, म्हणून ही युक्ती रंगत असे.

मराठीत हा पक्षी सगळ्यांत उंच गेला तो ज्ञानेश्वरीत. सोळाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव सद्गुरूला सूर्य कल्पून वंदन करतात. तिथे बुद्धी आणि बोध हे चक्रवाकांचे जोडपे आहे, भेद ही मधली नदी आहे, आणि दोन थडींवर विरहाने आक्रंदणाऱ्या या दोघांना तो चिदाकाशातला सूर्य एकत्र आणतो. आपल्या घरांतून ज्ञानेश्वरीची पारायणे होत आली आहेत. म्हणजे हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या देवघरापर्यंत आलेला आहे. अंगणासमोरच्या पाण्यावर तेवढा आलेला नाही. उत्तरेत त्याला चकवा-चकवी म्हणतात. आपल्याकडे चकवा म्हटला की रात्री वाट चुकवणारे भूत उभे राहते. आमच्या शोधात या दुसऱ्या चकव्याचीच गाठ जास्त वेळा पडली.

आता प्रत्यक्ष पक्षी. चक्रवाक हे साध्या बदकापेक्षा मोठे, साधारण दोन फूट लांबीचे. अंग नारिंगी-भगवे, डोके फिकट, शेपूट काळी. विणीच्या काळात नराच्या गळ्यात काळी बारीक कंठी दिसते. बसलेला असताना तो सगळाच भगवा वाटतो. पंख उघडले की पुढच्या भागातले मोठे पांढरे पट्टे एकदम चमकतात आणि मागची पिसे काळी दिसतात. या रंगामुळेच त्याला ब्राह्मणी बदक असेही नाव मिळाले. तिबेट, मंगोलियाकडच्या बौद्ध लोकांना त्याच्या अंगावर भिक्षूंच्या वस्त्रांचा रंग दिसला आणि त्यांनी त्याला पवित्र मानले. आपल्याकडे ब्राह्मणी घार रोज डोक्यावरून जाते, तिचाही रंग याच घराण्यातला. पण ब्राह्मणी बदक येत नाही.

लडाख, तिबेट आणि मध्य आशियात हा पक्षी वीण करतो. घरटे पाण्याच्या काठीच असेल असे नाही. कडेकपारीतले बीळ, झाडाची ढोली त्याला चालते. ऑक्टोबरच्या सुमारास तो हिमालय ओलांडून खाली येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे पाठीवर बसवून काही चक्रवाकांचा माग घेतला गेला. हिमालय पार करताना ते सुमारे ६,८०० मीटर उंचीपर्यंत गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. कळसूबाईच्या चौपटीहून ही उंची अधिक आहे.

एवढा प्रवास करणाऱ्याला घाट उतरून गोव्यात यायला काय अडचण? पंखांची अडचण नाहीच. प्रश्न त्याच्या आवडीचा आहे. त्याला रुंद नदी हवी, नदीत वाळूचे मोकळे दांडे हवेत, काठाला आखूड गवत किंवा रब्बीचे कोवळे पीक हवे, आणि दूरवरचे दिसेल असा उघडा परिसर हवा. आपल्या या भागातून वाहणारी नदी वाळवंटी. नावातच वाळवंट आहे. पण ती डोंगरातून उतरून थोडक्या अंतरात मांडवीच्या खोऱ्यात मिसळते. पुढे भरती-ओहोटीचे पाणी, चिखल, खारफुटी आणि खाजन शेती. खंड्या, बगळे, तुतार यांचे तिथे छान चालते. चक्रवाकाला ते घर वाटत नाही. म्हणून देशाच्या मोठ्या भागात हिवाळी पाहुणा म्हणून येणारा हा पक्षी गोव्यात दुर्मीळ आहे.

दुर्मीळ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, ते वेगळे ठेवले पाहिजेत. चक्रवाक जगात दुर्मीळ नाही, तो फक्त इथे दुर्मीळ आहे. गुलाबी डोक्याच्या बदकाची गोष्ट निराळी. बिहार-बंगालच्या उंच गवताच्या दलदलीत ते राहत असे. १९३५ साली दरभंग्याच्या परिसरात झालेली त्याची नोंद ही साधारणपणे रानातली शेवटची खात्रीची नोंद मानली जाते. त्यानंतर शोध पुष्कळ झाले, पक्षी मिळाला नाही. उलट मादागास्करमधले एक पाणबुडे बदक १९९१ नंतर दिसेनासे झाले होते, ते संपले असे लोक धरून चालले होते. २००६ साली एका दूरच्या तळ्यावर त्याचा छोटासा थवा सापडला. शोधणाऱ्याच्या मनात ही दोन्ही उदाहरणे असतात, आणि म्हणून तो पहाटे उठतो.

आम्ही चौघे गेले तीन हिवाळे असे उठत आलो. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. एक बँकेतले, एक माझा कॉलेजात शिकणारा भाचा, आणि मी. चक्रवाक गोव्यात दिसलाच तर कुठे दिसेल, याचा विचार करून सरांनी करमळीचे तळे नक्की केले. उथळ, उघडे, गोड्या पाण्याचे आणि हिवाळी बदकांनी जुने जाणलेले.

इथून डिचोली, मये करत नार्व्याला जायचे. फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने जुने गोवे, आणि तिथून जवळच करमळी. हा रस्ता मला आवडतो. दिवाडीचा सप्तकोटेश्वर याच पाण्यावरून नार्व्याला आला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. जानेवारीत पहाटे मांडवीवर धुके असते. फेरीबोटीत पाववाल्याची सायकल, कामावर निघालेली माणसे, आणि गळ्यात दुर्बिणी अडकवलेले आम्ही. कोणीतरी विचारतेच, "कितें सोदतात तुमी?" सर उत्तर देतात, "बदकां." विचारणारा हसतो. पण पुढच्या खेपेला तोच विचारतो, "मेळ्ळें?"

तळ्यावर पोचल्यावर पहिला अर्धा तास काहीच करायचे नसते. बांधावर बसायचे, बोलायचे नाही. आपण आल्यामुळे काठावरचे पक्षी आत सरकलेले असतात, ते हळूहळू परत येतात. मग सर तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण लावतात आणि तळे डावीकडून उजवीकडे, शेताला पाणी लावावे तसे वाफ्या-वाफ्याने पाहत जातात. थवा मोजायची रीतही त्यांनीच शिकवली. आधी दहा पक्षी मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचे, आणि तेवढ्या जागेच्या घड्या थव्यावर टाकत जायचे. एकाने मोजायचे, दुसऱ्याने लिहायचे, मग अदलाबदल.

गेल्या जानेवारीतल्या एका सकाळचे सांगतो. सूर्य नुकताच वर आला होता. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, गवताच्या पुढे, दहा-बारा मोठाली बदके बसलेली, आणि रंग चक्क भगवा. भाचा ओरडलाच, "मामा, चक्रवाक!" मीही दुर्बीण लावली, भगवा तर होता. सर म्हणाले, "थांबा. सकाळच्या उन्हात सगळेच संन्यासी होतात." आम्ही बसून राहिलो. मधेच तळ्याला खेटून गेलेल्या कोकण रेल्वेच्या मार्गावरून गाडी धडधडत गेली, तरी ती बदके हलली नाहीत. ऊन चढत गेले तसा त्यांच्या अंगावरचा भगवा रंग ओसरून बदामी-तांबूस होत गेला. पाऊण तासाने एक शिकारी पक्षी गवतावरून खाली घसरत आला आणि थवा उठला. पंखांवर पांढरे काही नाही, वरचा भाग काथ्या रंगाचा, मागे काळसर, पाय मागे लोंबते, आणि वर जाताच दोन सुरांची ती ओळखीची शीळ. अडई. इथलेच, बाराही महिने राहणारे, चक्रवाकाच्या दोन-तृतीयांश आकाराचे बदक. अंतरावरून आकार कळत नाही, उन्हात रंग कळत नाही. पंख उघडेपर्यंत थांबले की मग वाद उरत नाही.

भाच्याचे तोंड उतरले. सरांनी वही पुढे केली. "लिही. अडई, एकशे ऐंशी. चक्रवाक, शून्य."

"सर, शून्य कशाला लिहायचे?"

"आपण तीन तास शोधला आणि तो नव्हता. हे आपल्याला माहीत झाले ना? मग लिहायचे."

हे नुसते मास्तरकीचे बोलणे नव्हते. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते आणि हौशी माणसेच ती करतात. दिसलेल्या पक्ष्याची नोंद कोणीही उत्साहाने करतो. पण पक्षी कमी झाला की आपणच पाहायला गेलो नाही, हे पुढे ठरवायचे असेल, तर प्रामाणिकपणे लिहिलेली रिकामी सकाळसुद्धा लागते.

त्या दिवशी वहीत आणखी काय होते? सायबेरियाकडून आलेली तलवार बदके, पसरट चोचीने पाणी गाळत फिरणारे थापटे, भुवईवर पांढरा पट्टा ओढलेली भुवई बदके, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, हातात मावेल एवढे काणूक. आणि वारकरी. काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा, थव्याने चालणारा, म्हणून आपल्या लोकांनी त्याचे नाव वारकरी ठेवले. विठ्ठलापूरच्या वाळवंटीकाठी चैत्रात जत्रा पाहिलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. घाटावरच्या तळ्यांत पिवळे टोक आणि बुडाशी लाल ठिपके असलेल्या चोचीचे एक बदक आहे, त्याचे मराठी नाव हळदीकुंकू. चोचीवर मांसाचा उंचवटा असलेल्या बदकाला नकटा म्हणतात, ही तर सरळ गावातली थट्टा आहे.

बांधावर एक शेतकरी आमच्याजवळ येऊन बसला होता. चक्रवाकाचे वर्णन ऐकून त्याने मान हलवली, तसे बदक त्याने पाहिले नव्हते. मग तळ्याकडे हात करून म्हणाला, "उदक उरलें जाल्यार येतलीं." पाणी राहिले तर येतील.

त्या एका वाक्याचा अर्थ मला पुढच्या महिन्यात नीट कळला. फेब्रुवारीत आम्ही चौघे नेवासे आणि पैठणला गेलो. सरांचाच आग्रह, की जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तिथला चक्रवाक पाहायचा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशात ती पूर्ण झाली. पुढे प्रवरा गोदावरीला मिळते, आणि गोदावरीवर आता जायकवाडीचा नाथसागर आहे. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतो. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला, उजनीच्या पाणलोटात भिगवणलाही येतो. तीन हिवाळे ज्याने दर्शन दिले नाही तो नाथसागराच्या काठी आम्हाला दहा मिनिटांत दिसला. काठाच्या आखूड गवतात जोडीजोडीने चरत होता.

आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. हा पक्षी बराचसा रात्री चरणारा आहे. काळोखात जोडपे चरत-चरत एकमेकांपासून दूर जाते आणि आवाजाने संपर्क ठेवते, असे निरीक्षक सांगतात. त्या रात्री एक 'आंग-आंग' असा अनुनासिक, मोठा आवाज अलीकडून आला, आणि थोड्या वेळाने पाण्याच्या पलीकडून दुसरा. कवींनी विरह कल्पिला असेल, आवाज मात्र कल्पिलेला नव्हता. सोळाव्या अध्यायातली ती दोन थडी मी अनेकदा वाचली होती. मधल्या पाण्याची रुंदी मला त्या रात्री कळली.

परतताना भाच्याने विचारले, "मामा, पक्षी इथे दहा मिनिटांत मिळतो, मग तीन वर्षे करमळीला कशाला गेलो?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, पैठणला आम्ही पक्षी पाहिला. करमळीला तळे पाहिले.

करमळीचे तळे देवाने दिलेले नाही, माणसांनी बांध घालून केलेले आहे. पावसाचे पाणी अडवायचे, त्यावर खालच्या शेतांत वायंगणी भात घ्यायचे, आणि उन्हाळ्याच्या शेवटी मानस उघडून उरलेले पाणी सोडून मासळी धरायची, अशी तिथली जुनी वहिवाट. या कामामुळे तळे गाळाने आणि गवताने बुजत नाही, पाणी उथळ पण उघडे राहते, आणि चोच बुडवून चरणाऱ्या बदकांना नेमके तेच हवे असते. सासष्टीपलीकडच्या कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले, गोव्यातले ते पहिले. तिथेही पाणी अडवणे, खालची भातशेती आणि मासेमारी हीच गोष्ट आहे. म्हणजे बदके येतात ती कोणाच्या तरी शेतीच्या वेळापत्रकावर. वायंगण पडीक राहिले की मानस कोणी उघडत नाही, मानस उघडले नाही की तळे बुजते, आणि मग अडईसुद्धा येत नाही. पाणी राहिले तर येतील, याचा अर्थ पाणी राखणारी माणसे राहिली तर येतील.

आपण डिचोली तालुक्यातले लोक. २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हा मागे उरलेल्या खंदकांत पाणी साचले. लांबून ती निळी-हिरवी तळी सुंदर दिसतात. पण काठ कड्यासारखे तुटलेले आणि पाणी खोल; बदकाला पाय टेकायला उथळ जागा नाही, चोचीला वनस्पती नाही. पाणी साठले म्हणजे तळे झाले असे होत नाही. आपल्या गावांत जी जुनी तळी आणि बंधारे अजून शिल्लक आहेत, त्यांचे मोल यावरून समजावे.

मारुती चितमपल्ली २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वनखात्यात नोकरी करत त्यांनी खेड्यांतल्या आणि जंगलांतल्या लोकांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि मराठीला पक्षीकोश दिला. २०२५ साली ते गेले. ती नावे पुस्तकी पंडितांनी बनवलेली नव्हती. पाण्याशेजारी राहणाऱ्यांनी रोज पाहून ठेवलेली होती. पाहणे थांबले की नवे नाव पडत नाही आणि जुने फक्त शब्दकोशात राहते. माझ्या भाच्याला इंग्रजी नावे शंभर येत होती. वारकरी हे नाव त्याने करमळीच्या बांधावर पहिल्यांदा ऐकले. आता तो ते विसरणार नाही.

म्हणून मंडळाला एक सूचना करतो. दर जानेवारीत एक सकाळ आपल्या जवळच्या एका तळ्यावर घालवावी. वही मराठी असावी. वडीलधाऱ्यांनी नावे सांगावीत, मुलांनी पक्षी मोजावेत, बांध फुटला असेल तर तेही लिहावे, आणि ती वही पंचायतीला दाखवावी. पहिल्याच वर्षी वहीत चक्रवाकापुढे शून्य लिहावे लागेल. बहुधा दहाव्या वर्षीही. पण दहा वर्षांनी अडई, काणूक आणि वारकरी किती उरले, आणि कोणते तळे कोणत्या वर्षी बुजायला लागले, हे सांगणारी दुसरी कोणतीही नोंद या गावांत नसेल.